गवत कापणाऱ्या गाडीचं मोडलेलं इंजिन पुन्हा बांधताना

स्टार्टर मारला की नुसता ‘टक्’ आवाज येतो आणि इंजिन जागचं हलत नाही. किंवा उलट, ते भिंगरीसारखं हलकं फिरतं आणि आतून सुट्या धातूची खळखळ ऐकू येते. बसून चालवायच्या मॉवरचं इंजिन या अवस्थेला आलं की नवा रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्ट या फिरत्या मुख्य दांड्याशी जोडणारा भाग), पिस्टनभोवतीच्या नव्या रिंगा, गॅस्केटचा संच आणावा आणि बांधून टाकावं असं वाटतं. मी पहिल्या इंजिनाच्या वेळी तेच केलं. इंजिन झकास सुरू झालं, आणि काही तासांच्या कामानंतर नवा रॉडही क्रँकला चिकटून बसला. कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई गळत होती. मॉवर उभा असताना टाकीतलं पेट्रोल थेंबाथेंबानं सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये उतरत होतं. पहिला रॉड त्यानंच गेला होता. मोडलेला भाग मी बदलला, पण त्याला मोडणारं कारण तसंच आत ठेवलं.

तेव्हापासून माझी एकच सवय आहे. एकही सुटा भाग मागवण्याआधी जुना का गेला, हे मी कागदावर लिहून काढतो. पुढे जे सांगतो आहे त्यातला बराच भाग या एका ओळीसाठी आहे.

आधी इंजिनाची ओळख

रायडिंग मॉवरमध्ये सहसा उभ्या क्रँकशाफ्टचं, हवेनं थंड होणारं, फोर-स्ट्रोक इंजिन असतं. एका सिलिंडरचं असेल तर साधारण ५०० सीसीच्या आसपास. त्याहून मोठ्या ताकदीसाठी दोन सिलिंडरचं व्ही-ट्विन. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत ओतीव लोखंडाची स्लीव्ह, व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि ते हलवणारा कॅमशाफ्ट खाली क्रँककेसमध्ये. इथे मी एक सिलिंडरचं इंजिन धरून चाललो आहे.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कनेक्टिंग रॉडची. मोटारीच्या इंजिनात रॉड आणि क्रँकपिन (क्रँकचा ज्यावर रॉड बसतो तो भाग) यांच्यामध्ये वेगळे बेअरिंग शेल असतात. या लहान इंजिनांमध्ये बहुधा ते नसतात. ॲल्युमिनियमचा रॉड थेट पोलादी क्रँकपिनवर फिरतो आणि दोघांच्या मध्ये असतो फक्त ऑइलचा पातळ थर. तो थर फाटला की ॲल्युमिनियम तापून मऊ होतं, पिनवर लेपासारखं चढतं, रॉड आवळला जातो आणि अखेर मोडतो. मोडलेला तुकडा फिरत्या क्रँकच्या तडाख्यात सापडला तर ब्लॉकला भोक पडतं.

इंजिनाचा मॉडेल नंबर सुरुवातीलाच लिहून घ्या. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या इंजिनांवर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन आकडे असतात आणि तिन्ही लागतात, कारण एकाच मॉडेलमध्ये टाइप बदलला की भाग बदलू शकतो. मॉडेलच्या सुरुवातीचा आकडा ३१ असेल तर इंजिन ३१ घनइंचाचं, म्हणजे सुमारे ५०० सीसीचं. या नंबरवरून सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. कुठला बोल्ट किती टॉर्कनं आवळायचा, कुठलं माप किती झिजलं तर भाग टाकायचा, हे त्यातच असतं. खाली जे आकडे देतो आहे ते या वर्गातल्या इंजिनांत नेहमी भेटणारे आहेत. तुमच्या इंजिनाचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐका.

खोलण्याआधीची तपासणी

बॅटरीची वजा तार काढा, प्लगची कॅप काढून बाजूला बांधून ठेवा, पेट्रोलचा नळ बंद करा. आता डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइल पातळ आहे, पातळी खुणेच्या वर आहे आणि पेट्रोलचा वास येतो, तर माझ्यासारखीच सुई गळतीची केस आहे. ऑइल जवळजवळ नाहीच, तर कारण उघड आहे, पण ते गेलं कुठे हे शोधायचंय: जळालं, की सीलमधून गळलं?

प्लग काढून फ्लायव्हील, म्हणजे शाफ्टच्या टोकावरचं जड चाक, हातानं फिरवून बघा. प्लग असताना जाम आणि प्लग काढल्यावर मोकळं, शिवाय भोकातून पेट्रोल उडालं, तर सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलं होतं. द्रव दाबला जात नाही. अशा वेळी स्टार्टर जोर लावत राहिला तर रॉड वाकतो.

इंजिन फिरत असेल तर कॉम्प्रेशन गेज लावण्याचा मोह टाळा. या इंजिनांच्या कॅमशाफ्टवर सुरू करताना एक व्हॉल्व्ह किंचित उचलून धरणारी यंत्रणा असते, त्यामुळे धडधाकट इंजिनही गेजवर कमी आकडा दाखवतं. लीकडाउन टेस्टर, म्हणजे सिलिंडरमधून हवा किती गळते ते दाखवणारं उपकरण, खरं सांगतो. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या शिखरावरून साधारण ६ मिमी खाली आणा, क्रँकशाफ्ट घट्ट पकडून ठेवा (दाबाखालची हवा तो झटक्यात फिरवते) आणि सिलिंडरमध्ये हवा सोडा. मग कान द्या. कार्बोरेटरमधून फुसफुस येत असेल तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून तर एक्झॉस्ट. डिपस्टिकच्या नळीतून येत असेल तर बहुतेक जण लगेच रिंगांना दोष देतात. पण घाई करू नका. पुशरॉडच्या (कॅमची हालचाल वर व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) पोकळीकडच्या बाजूला हेड गॅस्केट फाटलं तरी हवा नेमकी तिथूनच येते, आणि ते केवळ हेड काढून निस्तरतं.

खोलताना

इंजिन गाडीवरून उतरवण्याआधी गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) लिंक आणि स्प्रिंगांचे चार बाजूंनी फोटो काढा. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात होती हे नंतर आठवत नाही, आणि एक भोक चुकलं की इंजिनाचा वेग मर्यादेबाहेर जातो.

वरचं ब्लोअर कव्हर काढलं की थांबा. सिलिंडरच्या पंखांमध्ये, म्हणजे फिन्समध्ये, बघा. गवताचा चुरा, माती, उंदराचं घरटं यांनी त्या बुजल्या असतील तर इंजिन उकळत होतं. अशा इंजिनात हेड गॅस्केट जळालेलं, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट, म्हणजे तो ज्यावर टेकतो ती कडी, सैल झालेली किंवा पिस्टनवर उभे ओरखडे सापडतात. साफ करण्याआधी याचाही फोटो घ्या.

फ्लायव्हीलचा नट काढताना फिन्समध्ये स्क्रू-ड्रायव्हर अडकवू नका, फिन तुटते आणि फ्लायव्हीलचा तोल जातो. पट्ट्याचा पाना वापरा. नट निघाल्यावर फ्लायव्हील ठोकून नव्हे, पुलरनं काढा. चावी, म्हणजे फ्लायव्हीलला शाफ्टवर योग्य जागी धरणारा धातूचा छोटा तुकडा, बघा. ती बहुतेकदा मुद्दाम मऊ धातूची असते, कारण इंजिन अचानक अडलं तर तिनं कापलं जायचं असतं. ती अर्धवट कापली गेली असेल तर ठिणगीची वेळ सरकली होती.

इंजिनातलं ऑइल गाळणीवर ओतून आत काय येतं ते बघा. चमचमणारी ॲल्युमिनियमची भुकटी, रिंगचे तुकडे, रॉडचे तुकडे, सगळं जपून ठेवा. रॉड फुटला असेल तर तुकडे जुळवून रॉड पूर्ण होतो का ते पाहाच. जो तुकडा सापडत नाही तो अजून आतच आहे.

खालचं झाकण, ज्याला संप म्हणतात, ते काढायच्या आधी क्रँकशाफ्टच्या बाहेर आलेल्या टोकावरचा गंज आणि चावीच्या खाचेभोवतीचे कंगोरे पॉलिश पेपरनं पूर्ण साफ करा. या दहा मिनिटांचा बहुतेकांना कंटाळा येतो. मग गंजलेला शाफ्ट झाकणाच्या बेअरिंगमधून ओढला जातो आणि चांगलं बेअरिंग खरवडून निघतं. मी तर टोकाला तेल लावून नखानं चाचपून मगच झाकण उचलतो. इंजिन उलटं ठेवून झाकण काढलं की टॅपेट, म्हणजे कॅमवर टेकून पुशरॉड उचलणारे भाग, खाली पडत नाहीत. ते काढताना कुठला इनटेकचा आणि कुठला एक्झॉस्टचा, यावर खूण करा. प्रत्येक टॅपेट आपल्या कॅमच्या उंचवट्याशी घासून बसलेला असतो, त्यांची अदलाबदल करायची नाही.

मोडतोड काय सांगते

आता सगळे भाग एका पांढऱ्या कापडावर मांडा आणि कागद-पेन्सिल घ्या.

रॉडचं मोठं टोक काळंनिळं पडलंय आणि क्रँकपिनवर ॲल्युमिनियमचा लेप आहे, तर ऑइल कमी होतं किंवा पातळ झालं होतं. रॉड मधूनच मोडलाय, पण पिन स्वच्छ आणि चकचकीत आहे, तर वेग मर्यादेबाहेर गेला होता, गव्हर्नर तपासा. रॉडच्या एका बोल्टची मान ताणून तुटलीय आणि दुसरा शाबूत आहे, तर आधीच्या कुणीतरी टॉर्क पाना न वापरता बांधलं होतं. सिलिंडर निस्तेज करडा दिसतोय, होनिंगच्या, म्हणजे घासणीच्या दगडांनी काढलेल्या बारीक, रेषा पुसल्या गेल्यात आणि वरची रिंग इतरांपेक्षा जास्त झिजलीय, तर एअर फिल्टरच्या कडेनं धूळ आत जात होती. पिस्टनच्या एकाच बाजूला ओरखडे असतील तर रॉड वाकडा आहे का बघा.

ब्लॉकला भोक असेल तर मन घट्ट करून निर्णय घ्या. भोक पातळ भिंतीत, बेअरिंगपासून आणि सिलिंडरपासून बरंच लांब असेल, आणि तडा पुढे सरकलेला नसेल, तर चांगल्या वेल्डरकडून ॲल्युमिनियम टिग वेल्डिंगनं ते बुजवता येतं. तडा बेअरिंगच्या घरापर्यंत किंवा सिलिंडरच्या मुळापर्यंत पोचला असेल तर तो ब्लॉक संपला. अशा ब्लॉकवर मी वेळ घालवत नाही.

मापं

डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा भाग मापात नापास होऊ शकतो, म्हणून मायक्रोमीटर हवाच. व्हर्नियर या कामाला पुरत नाही.

सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी एकमेकांना काटकोनात, अशा सहा जागी मोजा. मूळ मापापेक्षा ०.०७५ मिमीहून जास्त मोठा झाला असेल, किंवा दोन काटकोनी मापांत ०.०४ मिमीहून जास्त फरक असेल, तर बोअरिंग करून, म्हणजे सिलिंडर कातून, ओव्हरसाइझ (मोठ्या मापाचा) पिस्टन घालावा लागतो. ओव्हरसाइझ पिस्टन तुमच्या मॉडेलला मिळतो का, हे बोअरिंगच्या आधी बघा. काही लहान इंजिनांत लोखंडी स्लीव्ह नसतेच, थेट ॲल्युमिनियमवर पिस्टन चालतो. लोहचुंबक लावून बघा. चिकटलं नाही तर त्या बोअरसाठी सांगितलेल्याच रिंगा घ्या आणि होनिंगबद्दल मॅन्युअल काय म्हणतं ते आधी वाचा.

जुनी रिंग पिस्टनच्या डोक्यानं सिलिंडरमध्ये इंचभर खाली सरळ ढकला आणि तिच्या टोकांमधली फट फिलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ०.७५ मिमीच्या पुढे गेली तर रिंग संपली. नवी रिंगही अशीच घालून मोजा. नव्या रिंगची टोकं एकमेकांना टेकत असतील तर गरम झाल्यावर ती सिलिंडर फाडेल.

क्रँकपिनवर लेप चढलेला असला म्हणजे क्रँक गेला असं नाही. ॲल्युमिनियम मऊ असतं, आणि बहुतेक वेळा त्याच्या खाली पोलादी पिन जशीच्या तशी असते. हायड्रोक्लोरिक ॲसिड ॲल्युमिनियम खातं आणि पोलादाला त्यामानानं फार कमी धक्का लावतं, यावर ही सगळी युक्ती चालते. क्रँक इंजिनातून पूर्ण बाहेर काढा, उघड्या हवेत जा, रबरी हातमोजे आणि चष्मा घाला. काडीला कापूस गुंडाळून ॲसिड फक्त लेपावर लावा. फेस येईल. फेस थांबला की ॲल्युमिनियम संपलं, तिथेच थांबायचं. लगेच खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, मग साध्या पाण्यानं, पुसून कोरडं करा आणि ऑइल चोपडा, नाहीतर तासाभरात गंज धरेल. ॲसिडची बाटली इंजिनाच्या ब्लॉकजवळ आणूच नका. यानंतर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी ऑइलमध्ये भिजवून पिनभोवती गुंडाळा आणि गोल फिरवत हलक्या हातानं चमकवा. आता पिन दोन ठिकाणी, दोन दिशांनी मोजा. गोलाईत शतांश मिलिमीटरच्या एक-दोन भागांचाच फरक चालतो. नखाला खाच लागत असेल तर पॉलिशनं भागणार नाही. काही मॉडेल्सना कमी मापाचा रॉड मिळतो आणि पिन ग्राइंड करता येते, नाहीतर क्रँक बदला.

हेड आणि व्हॉल्व्ह

हेड जाड काचेवर ठेवून कडेनं फिलर गेज सरकवा. ०.१ मिमीची पट्टी खाली जात असेल तर हेड वाकलंय. वाक किरकोळ असेल तर काचेवर पॉलिश पेपर चिकटवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखं घासत समतल करता येतं. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टनं सीटवर घासा, चौफेर अखंड करडी पट्टी उमटली की पुरे. मग व्हॉल्व्ह स्प्रिंगसह बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओता आणि दहा मिनिटं थांबा. थेंब पाझरला नाही तर काम झालं. एक्झॉस्ट सीट बोटानं दाबून, बारीक पंचनं हलवून बघा. तापलेल्या इंजिनात ती ढिली झालेली असते आणि ते बाहेरून कळत नाही.

बांधणी

होनिंग करताना ड्रिल सावकाश आणि हात वरखाली जलद चालवा, म्हणजे रेषा एकमेकींना साधारण ४५ अंशांत छेदतात. या रेषांमध्ये ऑइल टिकतं आणि नव्या रिंगा त्यावरच बसतात. पण होनिंगनंतरची धुलाई होनिंगपेक्षा महत्त्वाची आहे. पेट्रोल किंवा रॉकेल दगडाची भुकटी रेषांमध्ये अजून खोल नेतं. कढत पाणी, भांडी घासायचा साबण आणि ब्रश घ्या, आणि घासत राहा. मग पांढऱ्या फडक्यावर ऑइल घेऊन सिलिंडर पुसा. फडक्यावर करडा डाग येतोय तोवर पुन्हा धुवा. मी एकदा चौथ्या धुलाईनंतर थांबलो होतो, तरी पाचव्यांदा डाग आला.

पिस्टनवरची खूण, बाण किंवा खाच, बहुतेक इंजिनांत फ्लायव्हीलकडे असते. रॉडचीही दिशा ठरलेली असते आणि रॉडच्या कॅपवरची खूण रॉडवरच्या खुणेशी जुळलीच पाहिजे. मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवा. रिंगांची टोकं १२० अंशांवर वाटून ठेवा. वरच्या रिंगची वरची बाजू कोणती ते रिंगवर किंवा पाकिटावर लिहिलेलं असतं. पिस्टन, रिंगा, पिन, बेअरिंग, कॅमचे उंचवटे, सगळ्यांना भरपूर ऑइल लावा.

रॉडचे बोल्ट आवळण्याआधी एकदा प्लॅस्टिगेजचा (मोकळीक मोजायच्या मऊ प्लॅस्टिकच्या धाग्याचा) तुकडा पिनवर ठेवून कॅप पूर्ण टॉर्कनं आवळा, क्रँक न फिरवता परत सोडा आणि चपटी झालेली पट्टी मोजा. मोकळीक मॅन्युअलच्या मर्यादेत असेल तरच शेवटचं आवळा. या एका जागी अंदाज चालत नाही. कमी आवळला तर बोल्ट सुटतो, जास्त आवळला तर ॲल्युमिनियमचे आटे ताणले जातात. आवळल्यावर क्रँक दोन-चार फेरे फिरवून बघा, कुठेही अडायला नको.

क्रँकच्या गिअरवरचा ठिपका आणि कॅमच्या गिअरवरचा ठिपका समोरासमोर आणून कॅमशाफ्ट बसवा. मोठ्या सिंगल सिलिंडर इंजिनात कंपनं कमी करायला तोल सांभाळणारं वजन किंवा वेगळा शाफ्ट असतो, त्याच्याही खुणा जुळवायच्या असतात.

संप बसवताना माझा हात अजूनही सावध असतो. गव्हर्नरचा गिअर आणि ऑइल उडवणारं चाक किंवा ऑइल पंप कॅमच्या गिअरशी दातात दात घालून बसावा लागतो, आणि गव्हर्नरचा आतला दांडा आपल्या जागी टेकलेला असावा लागतो. गॅस्केट कोरडं, दोन्ही डॉवेल पिना जागेवर, सीलच्या ओठाला ग्रीस. झाकण हातानं शेवटपर्यंत टेकायला हवं. दोन-तीन मिलिमीटर फट राहत असेल तर बोल्टनं ओढू नका. दात दातावर चढले आहेत. झाकण उचला, क्रँक किंचित फिरवा, पुन्हा ठेवा. बोल्ट तिरप्या क्रमानं, दोन-तीन टप्प्यांत. शेवटी शाफ्ट वरखाली किती खेळतो ते मोजा. काही मॉडेल्समध्ये हा खेळ गॅस्केटच्या जाडीनं जुळवतात.

हेडला नवं गॅस्केट घाला, बोल्ट तीन टप्प्यांत तिरपे आवळा. व्हॉल्व्हचा गॅप पिस्टन कॉम्प्रेशनच्या शिखरावरून ६ मिमी खाली आणून सेट करा: इनटेक साधारण ०.१० ते ०.१३ मिमी, एक्झॉस्ट ०.१३ ते ०.१८. गॅप मोठा राहिला तर सुरू करताना व्हॉल्व्ह उचलणारी यंत्रणा काम करत नाही, आणि स्टार्टर प्रत्येक कॉम्प्रेशनला अडखळतो. लोक मग बॅटरी बदलतात, स्टार्टर बदलतात.

फ्लायव्हील आणि शाफ्टचा निमुळता भाग कोरडा, ऑइलरहित ठेवा. इंजिनासाठी सांगितलेलीच नवी चावी घाला, मूळची मऊ असेल तर पोलादी नको. नट पूर्ण टॉर्कनं. कॉइल आणि फ्लायव्हीलच्या चुंबकात ०.२५ ते ०.३५ मिमी अंतर, प्लगचा गॅप ०.७६ मिमी. क्रँककेसचा ब्रीदर साफ करा. तो अडकला तर आत दाब साठतो आणि नवे सीलही गळू लागतात.

सुरू करण्याआधी

आता तो कागद काढा. कारण म्हणून जे लिहिलं होतं ते दुरुस्त झालं का? कार्बोरेटर सुटा काढून पेट्रोल जोडा आणि कागदावर अर्धा तास ठेवा; डाग पडला तर फ्लोटची सुई आणि सीट बदला. एअर फिल्टर कडेनं नीट बसतो का? फिन्स मोकळ्या झाल्या का?

गव्हर्नरच्या बाहेरच्या आर्मचा शाफ्टवरचा क्लॅम्प ढिला करा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरा, आणि ज्या दिशेला तो आर्म थ्रॉटल उघडताना सरकतो त्याच दिशेला शाफ्ट थांबेपर्यंत फिरवून क्लॅम्प आवळा. हे चुकलं तर इंजिन सुरू होताच किंचाळतं आणि नवा रॉड जातो.

मॅन्युअलमध्ये सांगितलेलं ऑइल खुणेपर्यंत भरा, प्लग काढून ठिणगी बंद ठेवा आणि स्टार्टर पाच-पाच सेकंदांच्या झटक्यांनी फिरवा, म्हणजे ऑइल सगळीकडे पोचतं. मग प्लग लावा आणि सुरू करा. मोकळ्या हवेत, मध्यम वेगानं, दोन मिनिटं. बंद करा, गळती बघा, पातळी बघा. पुन्हा सुरू करून टॅकोमीटरनं सर्वांत जास्त वेग मोजा. मॅन्युअलच्या आकड्यापुढे जाऊ देऊ नका, ३६०० फेऱ्यांच्या वर तर नाहीच.

रिंगा बसायला तासभर मंद चालवत ठेवणं उपयोगाचं नाही, त्यांना भार लागतो. हलकं गवत कापा, वेग आणि भार बदलत राहा, मध्ये थंड होऊ द्या. सुरुवातीला थोडा निळसर धूर येईल आणि पहिल्या एक-दोन तासांत कमी होत जाईल. पाच तासांनी ऑइल बदला आणि थंड इंजिनावर व्हॉल्व्हचा गॅप पुन्हा मोजा. ते जुनं ऑइल पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात धरा. बारीक करडी छटा असेल तर रिंगा बसत आहेत. चमचमणारे कण दिसले, किंवा पेट्रोलचा वास आला, तर त्याच क्षणी चावी काढा आणि पुन्हा कागद-पेन्सिल घ्या.